दिवसाला अर्धा तास चुकणारे घड्याळ आणि त्याचा बिनचूक संवाद

१९६१ साली बंगळुरूच्या जलहळ्ळी भागात हिंदुस्तान मशीन टूल्स, म्हणजेच एचएमटी, या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने मनगटी घड्याळांचे उत्पादन सुरू केले. चावीची ही घड्याळे पुढे देशभरातील घराघरांत पोहोचली. मुलगा मॅट्रिक झाला, जावई घरी आला, कोणी नोकरीतून निवृत्त झाले, की भेट ठरलेली असे. असे यांत्रिक घड्याळ चांगल्या स्थितीत असेल, तर दिवसाकाठी फार तर अर्धा मिनिट मागेपुढे होते. टक्केवारीत मांडायचे, तर ही चूक सुमारे ०.०३५ टक्के भरते.

आज त्याच शहरातील अनेक कार्यालयांत मायक्रोकंट्रोलर चिपांचे आराखडे तयार होतात. या प्रत्येक चिपच्या पोटातही एक घड्याळ असते. त्याला आंतरिक ऑसिलेटर किंवा आंदोलक म्हणतात. त्याची चूक अनेकदा १ ते २ टक्के असते. २ टक्के म्हणजे दिवसाला जवळजवळ २९ मिनिटे. मनगटावरचे घड्याळ इतके चुकू लागले, तर कोणीही ते दुसऱ्याच दिवशी दुकानात परत नेऊन देईल. तरीही असे घड्याळ बाळगणाऱ्या दोन चिपा एकमेकींना सेकंदाला शेकडो अक्षरे पाठवतात आणि त्यांतील एकही चुकत नाही. एचएमटीच्या घड्याळाहून पन्नास पटींनी वाईट असलेले घड्याळ या कामाला कसे पुरते, या प्रश्नाचे उत्तर मायक्रोकंट्रोलरच्या जन्मापूर्वीच्या तारयंत्राच्या इतिहासात आहे.

तारयंत्राचा वारसा

एकाच तारेवरून माहिती पाठवायची, तर ती बिटांच्या रांगेने पाठवावी लागते. तारेवर व्होल्टेज आहे किंवा नाही, एवढेच पलीकडच्याला दिसते. एक बिट कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे त्याला स्वतःच्या घड्याळावरून ठरवावे लागते. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या एमिल बोदो यांनी अक्षरांसाठी पाच बिटांची संकेतपद्धती वापरली. ‘बॉड’ हे वेगाचे एकक त्यांच्याच नावावरून आले. त्यांच्या यंत्रणेत दोन्ही टोकांची फिरती यंत्रे सतत एका लयीत ठेवावी लागत. शेकडो मैल दूर असलेली दोन यंत्रे तासन्‌तास एकाच गतीने फिरत ठेवणे हे त्या काळी मोठे जिकिरीचे काम होते.

अमेरिकेतील हॉवर्ड क्रम यांनी या अडचणीवर वेगळा उपाय शोधला. १९१० साली त्यांनी त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यांच्या पद्धतीत ग्राहक यंत्र एरवी थांबलेलेच असे. प्रत्येक अक्षराच्या आधी एक ‘प्रारंभ’ खूण येई. ती आली, की यंत्राचे चक्र एक फेरी पूर्ण करी आणि ‘विराम’ खुणेवर पुन्हा थांबे. पुढचे अक्षर आले, की हीच फेरी नव्याने सुरू होई. दोन यंत्रांच्या गतीत थोडा फरक असला, तरी तो एका अक्षरापुरताच साचत असे आणि पुढच्या प्रारंभखुणेबरोबर पुसला जात असे.

पुढे १९६०च्या सुमारास डीईसी कंपनीच्या पीडीपी-१ या संगणकासाठी गॉर्डन बेल यांनी हीच युक्ती इलेक्ट्रॉनिक परिपथात उतरवली. १९७०च्या दशकाच्या आरंभी तो संपूर्ण परिपथ एकाच चिपवर आला आणि ‘यूएआरटी’ या नावाने रूढ झाला. भारतातील तारसेवा १५ जुलै २०१३ रोजी बंद झाली, पण तारयंत्राचा प्रारंभबिट आणि विरामबिट आजही जवळजवळ प्रत्येक मायक्रोकंट्रोलरमध्ये काम करत आहेत.

अर्ध्या बिटाची मुभा

या पद्धतीत घड्याळ किती चुकलेले चालते, याचे गणित शालेय अंकगणिताच्या पलीकडचे नाही. नेहमीच्या मांडणीत एका अक्षरासाठी १० बिट लागतात. त्यांत १ प्रारंभबिट, ८ माहितीचे बिट आणि १ विरामबिट असतो. प्रारंभबिटाची घसरण दिसताच ग्राहक चिप वेळ मोजू लागते आणि प्रत्येक बिटाच्या मध्यावर तारेची स्थिती वाचते. पहिला माहितीचा बिट दीड बिटकाळानंतर वाचला जातो, तर शेवटचा विरामबिट साडेनऊ बिटकाळानंतर. या साडेनऊ बिटकाळांत दोन घड्याळांमध्ये अर्ध्या बिटाहून अधिक अंतर पडले, तर वाचन शेजारच्या बिटावर जाते. म्हणून एकूण मुभा ०.५ भागिले ९.५, म्हणजे सुमारे ५.३ टक्के.

ही मुभा कागदावरची आहे. प्रत्यक्षात प्रारंभबिटाची नेमकी घसरण ओळखण्यात थोडी अनिश्चितता असते, कारण ग्राहक चिप सहसा एका बिटकाळात १६ वेळाच तारेकडे पाहते. लांब तारेत व्होल्टेज चढायला आणि उतरायला वेळ लागतो. शिवाय चूक दोन्ही टोकांना असू शकते. एक घड्याळ पुढे आणि दुसरे मागे असेल, तर दोन्ही चुकांची बेरीज होते. हे सगळे वजा करता प्रत्येक टोकाच्या वाट्याला सुमारे २ टक्के उरतात. दिवसाला २९ मिनिटे चुकणारे घड्याळ येथे चालते, कारण त्याला एका दमात फक्त दहा बिटांपुरते एकट्याने चालावे लागते. ९६०० बॉड वेगाला हा काळ १ मिलिसेकंदाहून किंचितच अधिक असतो.

स्फटिकाची राजवट

असे असूनही पहिल्या मायक्रोकंट्रोलरांनी या ढिलाईचा फारसा लाभ घेतला नाही. त्यांच्याजवळ याहून कितीतरी चांगले घड्याळ होते. ते होते क्वार्ट्झचा स्फटिक. क्वार्ट्झवर दाब दिला, की त्यावर विद्युतभार निर्माण होतो, हे क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवले. १९२७ साली बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन आणि जे. डब्ल्यू. हॉर्टन यांनी क्वार्ट्झच्या कंपनांवर चालणारे घड्याळ केले. १९३४ साली त्याच प्रयोगशाळेत स्फटिक एका विशिष्ट कोनात कापण्याची पद्धत सापडली. ‘एटी’ छेद या नावाने ती ओळखली जाते. या छेदाच्या स्फटिकाची वारंवारता खोलीच्या तापमानाच्या आसपास जवळजवळ स्थिर राहते.

क्वार्ट्झ आणि तापमान यांच्या नात्याचा एक धागा बंगळुरूतूनही जातो. १९४० साली भारतीय विज्ञान संस्थेत चंद्रशेखर वेंकट रामन आणि टी. एम. के. नेडुंगडी यांनी तापवलेल्या क्वार्ट्झमधून विखुरणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास केला. ५७३ अंश सेल्सिअसला क्वार्ट्झची अंतर्गत रचना बदलते. त्या तापमानाकडे जाताना अणूंच्या एका विशिष्ट कंपनाची वारंवारता घसरत जाते, असे त्यांना आढळले. घन पदार्थांच्या भौतिकीत ‘मृदू कंपन’ म्हणून पुढे प्रसिद्ध झालेल्या संकल्पनेचे हे पहिले निरीक्षण मानले जाते. घड्याळात वापरले जाणारे कंपन निराळे असते. तेथे संपूर्ण स्फटिक एकत्र डोलतो. पण पदार्थाची लवचिकता तापमानाबरोबर बदलते, ही अडचण दोन्हीकडे सारखीच आहे.

१९६९च्या नाताळात जपानच्या सेको कंपनीने क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ बाजारात आणले. १९८४ साली स्थापन झालेल्या टायटनने बंगळुरूजवळच्या होसूर येथे कारखाना उभारला आणि १९८७ पासून क्वार्ट्झ घड्याळांच्या जोरावर भारतीय बाजारपेठेचे रूप बदलून टाकले. या घड्याळांतील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या म्हणजे २चा १५वा घात. तिला पंधरा वेळा निम्मे केले, की बरोबर एक सेकंद हाती येतो. यांत्रिक घड्याळांचे युग ओसरले आणि २०१६ साली केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळ-उद्योग बंद करण्याचा निर्णय घेतला.

इंटेलने १९८० साली आणलेला ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर भारतातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत दीर्घकाळ शिकवला गेला. त्याच्या शेजारी बसवलेल्या चकचकीत डबीवर ११.०५९२ ही विचित्र संख्या अनेक विद्यार्थ्यांनी पाहिली असेल. या मेगाहर्ट्झला १२ने भागले, की सेकंदाला ९,२१,६०० ठोके मिळतात. त्यांना ३२ने भागले, की २८,८०० आणि पुढे ३ने भागले, की नेमके ९६००. उलट १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक घेतला, तर याच भागाकारातून १०,४१७ हा आकडा येतो, म्हणजे साडेआठ टक्क्यांची चूक. तो स्फटिक दशलक्षात ५० भागांइतका अचूक असतो, पण पूर्ण संख्येने भागण्याच्या सक्तीमुळे त्याची अचूकता वाया जाते. क्रमिक संवादात घड्याळाचा दर्जा आणि त्या घड्याळाने संवादाच्या वेगाला जाणारा भाग, या दोन्ही गोष्टी तपासाव्या लागतात.

स्फटिक गळाला

१९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरूत चिपांच्या आराखड्याचे केंद्र सुरू केले. पुढील दशकांत इतर अनेक कंपन्या या शहरात आल्या. याच काळात मायक्रोकंट्रोलरचे क्षेत्र विस्तारत गेले. पंखा, रिमोट, खेळणे, वजनकाटा, वीजमीटर अशा असंख्य वस्तूंत तो शिरला. अशा वस्तूंत पैशापैशाचा हिशेब होतो. बाहेरच्या स्फटिकाला पैसे पडतात, सर्किट बोर्डावर जागा लागते आणि चिपचे दोन पाय अडतात. आठ पायांच्या चिपमध्ये दोन पाय म्हणजे पाव मालमत्ता. स्फटिक स्थिर कंपू लागायला काही मिलिसेकंद घेतो. बटणसेलवर चालणारे आणि क्षणभर जागे होऊन पुन्हा झोपणारे यंत्र तेवढा वेळ वीज फुकट घालवते.

म्हणून घड्याळ चिपच्या आतच घेण्यात आले. सिलिकॉनवर क्वार्ट्झ बसवता येत नाही, पण रेझिस्टर आणि कपॅसिटर बनवता येतात. कपॅसिटर रेझिस्टरमधून भरतो, ठरावीक पातळी गाठताच रिकामा केला जातो आणि पुन्हा भरू लागतो. भरायला लागणारा वेळ या दोन घटकांच्या मूल्यांच्या गुणाकारावर ठरतो. अडचण अशी, की कारखान्यात ही मूल्ये प्रत्येक चकतीगणिक बदलतात. मूळ स्थितीत या घड्याळाची चूक अनेक टक्के असू शकते. त्यामुळे तयार चिप तपासताना तिची वारंवारता मोजून तिच्या स्मृतीत एक दुरुस्तीचा अंक लिहून ठेवतात.

या अंकाचे महत्त्व मायक्रोचिप कंपनीच्या पीआयसी१२एफ६७५ या आठ पायांच्या चिपवर शिकणाऱ्यांना चांगले ठाऊक असते. तिच्यात हा अंक प्रोग्रामच्या स्मृतीतील अगदी शेवटच्या घरात ठेवलेला असतो. नवा प्रोग्राम भरण्यापूर्वी सगळी स्मृती बेफिकिरीने पुसली, तर कारखान्याची दुरुस्तीही पुसली जाते. अर्डुइनो बोर्डामुळे घरोघरी पोहोचलेल्या एटीमेगा३२८पी या चिपच्या माहितीपत्रकात आंतरिक ८ मेगाहर्ट्झ घड्याळाची कारखान्यातील हमी अधिकउणे १० टक्क्यांची आहे. वापरणाऱ्याने स्वतः दुरुस्ती केली, तर ठरावीक व्होल्टेजला आणि ठरावीक तापमानाला ती १ टक्क्यावर आणता येते. १० टक्क्यांची चूक संवादाला चालत नाही आणि १ टक्क्याची चालते. या दोहोंमधील अंतर भरून काढण्याचे काम त्या एका अंकाकडे असते.

उन्हातली परीक्षा

‘ठरावीक व्होल्टेजला आणि ठरावीक तापमानाला’ हे शब्द माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असतात आणि अनेकदा नजरेतून सुटतात. बंगळुरूच्या वातानुकूलित प्रयोगशाळेत २५ अंशांना निर्दोष चाललेले यंत्र चंद्रपूरच्या मे महिन्यात, भर उन्हातल्या पत्र्याच्या पेटीत बसवले, की त्याचे घड्याळ सरकते. बॅटरी उतरत गेली, तरीही सरकते. संवाद मात्र लगेच तुटत नाही. दोन्ही घड्याळांची मिळून मुभा संपेपर्यंत सारे सुरळीत दिसते. मग एके दुपारी अधूनमधून एखादे अक्षर बिघडते आणि संध्याकाळी यंत्र पुन्हा शहाण्यासारखे वागू लागते. असा दोष प्रयोगशाळेत आणून शोधायला गेले, की सापडत नाही.

हा बिघाड अक्षराच्या शेवटाकडून सुरू होतो, कारण चूक शेवटच्या बिटांपर्यंत साचत जाते. समजा, ग्राहकाचे घड्याळ ६ टक्के मंद आहे. तो आठवा माहितीचा बिट म्हणून प्रत्यक्षात विरामबिट वाचतो आणि विरामबिट नेहमी १ असतो. इंग्रजी अक्षरांच्या मूळ संकेतात आठवा बिट नेहमी ० असतो. म्हणून तेथे प्रत्येक अक्षर विद्रूप होते. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक वर्णचिन्ह ३ बाइटांचे असते आणि त्या प्रत्येक बाइटचा आठवा बिट १ असतो. त्यामुळे दोन बाइटांमध्ये थोडी उसंत असेल, तर याच चुकीतून देवनागरी मजकूर सहीसलामत सुटतो. यात देवनागरीचा गौरव शोधण्याचे कारण नाही. घ्यायचा बोध एवढाच, की चाचणीचा एखादा संदेश बरोबर पोहोचला म्हणून घड्याळ बरोबर आहे, असे सिद्ध होत नाही.

अभियंत्यांनी यावर शोधलेले उपायही तारयंत्राच्याच वळणाचे आहेत. मोटारीतील काच, आरसे, दिवे यांसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘लिन’ या संवादपद्धतीत मुख्य चिप प्रत्येक संदेशाच्या आधी ० आणि १ आलटून पालटून असलेला एक बाइट पाठवते. दुय्यम चिप त्यातील अंतरे मोजून आपला वेग जुळवून घेते. त्यामुळे सुरुवातीला १४ टक्के चुकलेले घड्याळही चालते. यूएसबीच्या १२ मेगाबिट वेगाला मात्र ०.२५ टक्क्याहून अधिक चूक खपत नाही. तेथे काही मायक्रोकंट्रोलर संगणकाकडून दर मिलिसेकंदाला येणारी खूण मोजून आपले आंतरिक घड्याळ सतत दुरुस्त करत राहतात आणि स्फटिकाशिवाय काम निभावतात.

ब्यालाळूचे टोक

अचूकतेच्या दुसऱ्या टोकाचे उदाहरणही बंगळुरूच्या परिसरातच आहे. शहराजवळच्या ब्यालाळू येथे २०१३ साली इस्रोचे दिशादर्शन केंद्र सुरू झाले. नाविक या भारतीय दिशादर्शन प्रणालीचा काळ तेथे सांभाळला जातो. या प्रणालीत उपग्रहापासूनचे अंतर संदेशाला लागलेल्या वेळेवरून काढतात. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. उपग्रहाचे घड्याळ एक मायक्रोसेकंद चुकले, तर मोजलेल्या अंतरात ३०० मीटरांचा फरक पडतो. म्हणून प्रत्येक उपग्रहात रुबिडियम अणूंवर चालणारी घड्याळे असतात.

१ जुलै २०१३ रोजी प्रक्षेपित झालेल्या पहिल्या उपग्रहातील तिन्ही रुबिडियम घड्याळे बंद पडल्याचे २०१७च्या आरंभी जाहीर झाले. ती परदेशातून आणलेली होती. युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांतही घड्याळांचे बिघाड झाले होते. उपग्रह बाकी ठणठणीत होता, तरी स्थान सांगण्याच्या कामासाठी निरुपयोगी ठरला. त्याच्या जागी पाठवलेला उपग्रह ३१ ऑगस्ट २०१७ रोजी उष्णताकवच न सुटल्याने वाया गेला. पर्यायी उपग्रह १२ एप्रिल २०१८ रोजी कक्षेत पोहोचला. अखेर २९ मे २०२३ रोजी एनव्हीएस-०१ या उपग्रहाबरोबर अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्रात घडवलेले स्वदेशी रुबिडियम घड्याळ अवकाशात गेले.

रुबिडियम घड्याळाच्या आत डोकावले, की आधीचीच युक्ती पुन्हा भेटते. त्याच्या आतही एक क्वार्ट्झचा ऑसिलेटरच असतो. रुबिडियमचे अणू ६.८३४ गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मलहरींना प्रतिसाद देतात. त्या प्रतिसादावरून क्वार्ट्झची चूक अखंड मोजली जाते आणि लगेच दुरुस्त केली जाते. एवढे करूनही उपग्रहाच्या घड्याळावर कोणी डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. जमिनीवरील केंद्रे त्याचे विचलन मोजतात आणि दुरुस्तीचे आकडे उपग्रहाकडे पाठवतात. तेच आकडे पुढे वापरकर्त्याच्या फोनपर्यंत येतात.

यूएआरटीचे आंतरिक घड्याळ एका मिलिसेकंदापुरते एकटे असते, उपग्रहाचे त्याहून कोट्यवधी पट अधिक काळ. यूएआरटीची मुभा ५० मायक्रोसेकंदांची आहे, उपग्रहाची काही नॅनोसेकंदांची. घड्याळ किती चांगले हवे, हे या दोन प्रश्नांवरून ठरते: त्याला दुरुस्तीविना किती काळ चालायचे आहे आणि त्या काळात किती चूक खपणार आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिलिसेकंद असेल, तर रेझिस्टर आणि कपॅसिटर पुरतात. उत्तर तास किंवा दिवस असेल, तर अणूंकडे जावे लागते.

भारतात आता स्वदेशी चिपांची चर्चा जोरात आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये इस्रोचा विक्रम ३२०१ हा प्रोसेसर समारंभपूर्वक पंतप्रधानांच्या हाती देण्यात आला. अशा बातम्यांत चिप किती बिटांची आणि किती नॅनोमीटरची, हे ठळकपणे सांगितले जाते. पण वीजमीटर, शेतीपंप, पंखे यांच्यासाठी लाखोंच्या संख्येने लागणाऱ्या मायक्रोकंट्रोलरची कसोटी वेगळी आहे. त्यातील घड्याळ ४५ अंशांच्या उन्हात, उतरलेल्या व्होल्टेजला, दहा वर्षांनी किती सरकते, हे पाहावे लागते. त्यासाठी प्रत्येक चिपची वारंवारता मोजून तिचा दुरुस्तीचा अंक लिहावा लागतो. या कामाला तपासणी यंत्रावर वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे पडतात. माहितीपत्रक हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याने पहिल्या पानावरील मेगाहर्ट्झच्या आकड्यापाशी न थांबता विद्युत गुणधर्मांच्या तक्त्यापर्यंत जावे आणि अचूकतेच्या आकड्याशेजारी लिहिलेले तापमान व व्होल्टेज वाचावे. चिप उन्हात टिकणार की नाही, याचा पहिला अंदाज त्या ओळीतच मिळतो.